फुंकणीपासून चाकापर्यंत : दहा सेकंदांच्या गाडीची गोष्ट

चुलीपाशी बसणाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. जाळ मंदावला म्हणून चुलीत आणखी चार लाकडं कोंबली, तर जाळ वाढत नाही, धूर वाढतो. मग डोळे चोळत हात फुंकणीकडे जातो. दोन-तीन दमदार फुंका बसल्या की तीच लाकडं भडभडून पेटतात. लाकूड पुरेसं होतं, हवा कमी पडत होती.

मोटारीच्या इंजिनाचं दुखणंही हेच. २००१ साली आलेल्या ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ या चित्रपटात नायक स्टिअरिंगवरचं बटण दाबतो आणि गाडी बाणासारखी सुटते. बटणामागे असते एक बाटली आणि तिच्यात नायट्रस ऑक्साइड. दंतवैद्य भूल देण्यासाठी वापरतात तोच हा ‘हसवणारा वायू’. तो स्वतः जळत नाही. मग न जळणारा वायू गाडी पळवतो कसा?

दुसरं कोडंही याच गाड्यांचं आहे. ऑटोमॅटिक गिअरची गाडी म्हटलं की आपल्याला शहरातल्या गर्दीत डाव्या पायाला विश्रांती देणारी आरामाची गाडी आठवते. पण अमेरिकेतल्या ड्रॅग रेसच्या ट्रॅकवर अनेक अतिवेगवान गाड्यांमध्ये ऑटोमॅटिकच गिअरबॉक्स असतो, तोही कित्येकदा जेमतेम दोन गिअरचा. असं का, ते समजून घ्यायचं तर आगीपासून रस्त्यापर्यंतचा जोराचा सगळा प्रवास पाहावा लागतो.

पाव मैलाची शर्यत

ड्रॅग रेस म्हणजे सरळ रेषेतली शर्यत. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो आणि पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, जी आधी पार करेल ती जिंकते. वळण नाही, चढ नाही. काही ठिकाणी अंतर याच्या निम्मं असतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियात गॅरेजमध्ये जुन्या गाड्यांवर हात चालवणाऱ्या तरुणांची मोठी पिढी होती. त्यांच्या शर्यती सुकलेल्या तळ्यांच्या सपाट मैदानांवर होत, आणि रात्री सार्वजनिक रस्त्यांवरही. रस्त्यावरचा हा जीवघेणा खेळ सुरक्षित जागी आणावा, त्याला नियम द्यावेत, या हेतूने ‘हॉट रॉड’ मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. आज ड्रॅग रेसचे बहुतेक नियम या संस्थेच्या पुस्तकाकडे पाहून ठरतात. सुरुवातीच्या रेषेवरचा दिव्यांचा खांब, ज्याला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात, १९६३ मध्ये आला. त्याआधी झेंडा हलवणारा माणूस असे.

आपण एक गाडी मनातल्या मनात बांधू. १९६९ सालची शेव्हर्ले कमॅरो, पुढे ५.७ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, मागची चाकं ओढणारी. चालकासह वजन सुमारे १,४५० किलो. सुधारलेलं इंजिन ४३० अश्वशक्ती देतं असं धरू. वजन आणि अश्वशक्तीवरून वेळ काढायचा जो ढोबळ आडाखा रेसवाले वापरतात, त्यानुसार ही गाडी पाव मैल साडेअकरा सेकंदांच्या आत पार करेल. आपल्याला मात्र १० सेकंद हवे आहेत. त्यासाठी त्याच आडाख्याने सुमारे ६३० अश्वशक्ती लागते. वाचवायचा आहे दीड सेकंदही नाही, आणि लागते २०० अश्वशक्ती जास्तीची! ती आणायची कुठून?

इंजिन म्हणजे हवेचा पंप

पेट्रोल वाढवणं सोपं आहे. मोठा पंप बसवला की झालं. पण एक किलो पेट्रोल नीट जळायला जवळपास १५ किलो हवा लागते. त्या हवेतही कामाचा असतो तो ऑक्सिजन, वजनाने जेमतेम २३ टक्के. बाकीचा बहुतेक नायट्रोजन, जो जळण्यात भाग घेत नाही.

आपलं ५.७ लिटरचं इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांनी फिरतं तेव्हा दर सेकंदाला जवळपास ३०० लिटर हवा आत ओढतं. दहा सेकंदांत तीन मोठी लोखंडी कपाटं भरतील एवढी हवा! तरीही त्याची भूक भागत नाही. पिस्टन खाली जाताना जेवढी जागा होते, तेवढीच हवा आत येणार. त्यापलीकडे पेट्रोल ओतलं तर चुलीसारखाच नुसता धूर होतो.

यावर तीन उपाय आहेत. इंजिन मोठं करायचं, टर्बोसारख्या पंख्याने हवा दाबून भरायची, किंवा हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेला पदार्थ आत सोडायचा. तिसरा उपाय म्हणजे नायट्रस.

बाटलीतली फुंकणी

नायट्रस ऑक्साइडच्या प्रत्येक रेणूत नायट्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक. वजनाने ऑक्सिजन ३६ टक्के, म्हणजे हवेच्या दीडपटीहून अधिक. साध्या तापमानाला हा रेणू शांत असतो. इंजिनात तापमान सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की तो फुटू लागतो, ऑक्सिजन मोकळा होतो आणि जास्तीच्या पेट्रोलला जाळायला हजर होतो. फुटतानाही तो थोडी उष्णता देतो. तरीही त्याला इंधन म्हणणं चूक आहे. जळतं ते पेट्रोलच, नायट्रस ही फक्त फुंकणी.

मग सरळ ऑक्सिजनच का नाही भरत? कारण ऑक्सिजन द्रवरूपात ठेवायला उणे १८३ अंशांची थंडी लागते, आणि शुद्ध ऑक्सिजनमधलं जळणं इंजिनाला झेपत नाही. नायट्रस मात्र नुसत्या दाबाखाली, साध्या तापमानाला द्रव राहतो. २० अंशांना बाटलीतला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे ५० पट असतो. एक लिटर द्रवाचा बाहेर चारशे लिटरहून अधिक वायू होतो. तीन कपाटांच्या शेजारी ही इवलीशी बाटली किती ऑक्सिजन वाहून नेते, ते यावरून कळावं.

नायट्रसचा आणखी एक उपकार आहे. मोठ्या शेगडीला जोडलेलं गॅसचं सिलिंडर बाहेरून गार पडतं, त्यावर दव धरतं, हे आपण पाहिलं आहे. द्रवाचा वायू होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. नायट्रस उणे ८८ अंशांना उकळतो. त्यामुळे तो इंजिनाच्या तोंडाशी सुटला की आत जाणारी हवाही गारठते. गार हवा दाट असते, म्हणजे तेवढ्याच जागेत ऑक्सिजन आणखी थोडा जास्त.

रचना साधी आहे. मागच्या डिकीत बाटली, तिथून पुढे नळी, टोकाला विजेवर उघडणारी झडप आणि मग बारीक छिद्राचा जेट. त्याच्याच शेजारी पेट्रोलची दुसरी झडप आणि दुसरा जेट. दोन्ही एकाच वेळी उघडतात. छिद्र केवढं, यावर जोर किती वाढणार ते ठरतं. १०० अश्वशक्ती वाढवायला दहा सेकंदांत साधारण अर्धा किलो नायट्रस लागतो. आपल्या २०० साठी एक किलो. साडेचार किलोच्या नेहमीच्या बाटलीत चार धावा होतात, पण बाटली रिकामी होत जाते तसा दाब पडतो. म्हणून पक्के रेसवाले शेवटच्या थेंबापर्यंत थांबत नाहीत.

इथे एक घोटाळा दूर करू. ‘नायट्रस’ आणि ‘नायट्रो’ एक नव्हेत. टॉप फ्युएल वर्गातल्या, ताशी ५३० किलोमीटरच्या पुढे जाणाऱ्या लांबुळक्या गाड्या जाळतात ते नायट्रोमिथेन, आणि ते खरोखरच इंधन आहे.

झोक्याला धक्का केव्हा द्यायचा?

झोका आपल्याकडे येत असतानाच ढकलला तर मनगट दुखतं आणि झोकाही थांबतो. परत फिरल्यावर ढकलला तर उंच जातो. इंजिनातल्या ठिणगीचंही तसंच आहे. मिश्रण पेटायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचण्याच्या थोडं आधीच ठिणगी पाडतात. आपल्या इंजिनात, फेरीच्या कोनात मोजलं तर, समजा ३५ अंश आधी. मिनिटाला ६,००० फेऱ्या असताना हा अवधी होतो सेकंदाचा हजारावा भाग!

नायट्रस असताना मिश्रण जास्त झपाट्याने पेटतं. ठिणगी पूर्वीच्याच वेळी पडली, तर पिस्टन वर येत असतानाच स्फोटाचा दाब त्याच्या डोक्यावर आदळतो. म्हणून ठिणगी उशिरा पाडतात. वाढवलेल्या दर ५० अश्वशक्तीमागे साधारण दोन अंश, असा आडाखा आहे. आपल्या गाडीला आठ अंश.

दुसरा धोका याहून मोठा. नायट्रस आला आणि पेट्रोल कमी पडलं तर काय होईल? फॅब्रिकेशनच्या दुकानात गॅसकटर चालताना पाहा. आधी ज्योतीने लोखंड लाल करतात, मग ऑक्सिजनची जोरदार धार सोडतात, आणि लोखंडच जळत जाऊन पत्रा कापला जातो. इंजिनात ऑक्सिजन उरला आणि इंधन संपलं की असाच प्रकार पिस्टनवर होतो. सेकंदभरात ॲल्युमिनियमला भोक पडतं. म्हणून पेट्रोलचा पंप आणि त्याचा दाब आधी तपासायचा, सुरुवातीला पेट्रोल थोडं जास्तच ठेवायचं, आणि साच्यात ओतलेल्या पिस्टनऐवजी घडीव, म्हणजे दाबून घडवलेले पिस्टन वापरायचे. प्रत्येक धावेनंतर स्पार्क प्लग काढून त्याचा रंग न्याहाळणारा मेकॅनिक हीच गोष्ट शोधत असतो.

ताकातल्या दोन रव्या

जोर तयार झाला. आता तो चाकांकडे न्यायचा. हाताच्या गिअरच्या गाडीत मध्ये क्लच असतो, ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी टॉर्क कन्व्हर्टर.

डेऱ्यात रवीने ताक घुसळताना सगळं ताक गरगर फिरू लागतं. त्यात दुसरी रवी नुसती सोडली तर तीही फिरू लागेल. दोन रव्यांचा एकमेकींना स्पर्श नाही, जोर जातो तो ताकातून. टॉर्क कन्व्हर्टर असाच असतो. बंद कवचात तेल, इंजिनाला जोडलेलं एक पात्यांचं चाक आणि समोर गिअरबॉक्सला जोडलेलं दुसरं. पहिलं तेल फेकतं, दुसरं त्या तेलाने फिरतं.

खरी करामत तिसऱ्या चाकाची आहे. दुसऱ्या चाकावर आदळून परतणारं तेल उलट दिशेने येतं आणि पहिल्याला अडवू पाहतं. मध्ये बसवलेलं स्टेटर नावाचं चाक त्या तेलाची दिशा वळवून त्याला पुन्हा कामाला लावतं. त्यामुळे गाडी सुटण्याच्या क्षणी इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, जवळपास दुप्पट होऊन पुढे जातो. क्लचला हे जमत नाही. तो आहे तेवढाच पीळ पुढे देतो.

गाडी जागेवर रोखून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर इंजिनाच्या फेऱ्या एका आकड्यावर येऊन अडतात. तेल त्यापुढे जाऊ देत नाही. हा ‘स्टॉल स्पीड’. रोजच्या गाडीत तो २,००० च्या आसपास असतो, रेसच्या गाडीत ४,००० ते ५,५०० पर्यंत. तेवढ्या फेऱ्यांवर इंजिन आधीच पुऱ्या दमात असतं. पैलवान जोर एकवटून उभा असावा आणि शिट्टी वाजताच सुटावा, तसं.

दोनच गिअर कसे पुरतात?

ऑटोमॅटिकच्या आत गिअरची मांडणी सूर्यमालेसारखी असते. मध्ये सूर्य-चक्र, भोवती फिरणारी ग्रह-चक्रं, बाहेर दात आत असलेलं कडं. यातला कोणता भाग रोखून धरला, यावर गिअर ठरतो. दात एकमेकांत कायम अडकलेलेच असतात. गिअर बदलताना फक्त एक पकड सुटते आणि दुसरी आवळली जाते, त्यामुळे जोराचा प्रवाह तुटत नाही.

शेव्हर्लेचा ‘पॉवरग्लाइड’ हा दोन गिअरचा गिअरबॉक्स १९५० मध्ये घरगुती गाड्यांसाठी आला आणि १९७३ पर्यंत बनला. रेसवाल्यांनी मात्र तो सोडला नाही. मजबूत केलेली त्याची रूपं आजही नवीन बनतात. तो हलका आहे, आणि दहा सेकंदांत गिअर एकदाच बदलावा लागतो. पहिला गिअर फेऱ्या १.८२ पट कमी करून पीळ तेवढाच वाढवतो. कन्व्हर्टरचे दोन पट आणि मागच्या ॲक्सलचे, समजा, ४.१ पट यांच्याशी गुणा. सुटताना इंजिनाचा पीळ जवळपास १५ पट होऊन चाकावर येतो. याहून जास्त दिला तर चाकं जागेवरच फिरतील.

रेसच्या गाडीत आणखी एक युक्ती असते, ट्रान्सब्रेक. बटण दाबलं की गिअरबॉक्समध्ये पहिला गिअर आणि रिव्हर्स एकदमच लागतात. दोघे एकमेकांना धरून ठेवतात आणि गाडी खिळते. चालक पूर्ण ॲक्सिलरेटर देतो, दिवा लागताच बटण सोडतो. मात्र खिळलेल्या गाडीत इंजिनाचा सगळा जोर तेल तापवण्यात जातो, म्हणून हे काही सेकंदांपुरतंच.

नायट्रस आणि ऑटोमॅटिकचं गोत्र

आता दोन्ही कोडी एकत्र सुटतात. हाताचा गिअर बदलताना पाय ॲक्सिलरेटरवरून उचलावा लागतो. त्या क्षणी इंजिनाचं हवेचं दार मिटतं. तेव्हा नायट्रस चालूच राहिला तर तो पेट्रोलसह दाराच्या आतल्या नळ्यांत साठतो, आणि एक चुकार ठिणगी तिथेच भडका उडवते. म्हणून प्रत्येक गिअरला नायट्रस तोडायचा आणि पुन्हा जोडायचा, आणि दर वेळी गाडीला हिसका. शिवाय कमी फेऱ्यांवर नायट्रस सोडला, तर पिस्टन सावकाश हलत असताना दाब प्रचंड वाढतो आणि इंजिन फुटू शकतं.

ऑटोमॅटिकमध्ये पाय उचलावाच लागत नाही. हवेचं दार सुरुवातीपासून शेवटपर्यंत सताड उघडं. कन्व्हर्टर फेऱ्या खाली पडू देत नाही. नायट्रसला हवं असलेलं स्थिर रान त्याला आयतं मिळतं. उलट, नायट्रसने वाढलेला पीळ कन्व्हर्टरचा स्टॉल स्पीडही वर ढकलतो. म्हणून कन्व्हर्टर मागवताना बनवणाऱ्याला नायट्रसचा आकडा सांगावाच लागतो. एक बदललं की दुसरं बदलावं लागतं.

शेवटची वीतभर जागा

विहिरीला पाणी भरपूर आहे, पण पाट फुटका असेल तर शेवटचं वावर कोरडंच राहतं. जोराचं शेवटचं वावर म्हणजे टायर जिथे रस्त्याला टेकतो ती वीत-दीड वीत जागा.

दहा सेकंदांत ४०२ मीटर म्हणजे सरासरी प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ८० टक्के. उभ्या गाडीचं जेमतेम निम्मं वजन मागच्या चाकांवर असतं, आणि ओढतात तीच चाकं. साध्या टायरांना एवढी पकड मिळणं अशक्य. म्हणून तीन गोष्टी करतात. पहिली, बस झटक्यात सुटली की उभे प्रवासी मागे झुकतात, तसं गाडीचं वजन मागे झुकू देतात. पुढच्या स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर मुद्दाम तसे निवडतात. दुसरी, मऊ रबराचे, नक्षी नसलेले ‘स्लिक’ टायर बसवून त्यांत हवा कमी ठेवतात. सुटताना त्यांच्या बाजूंना सुरकुत्या पडतात, टायर चपटा होतो आणि जमीन जास्त धरतो. तिसरी, शर्यतीआधी पाण्यात चाकं फिरवून धूर काढतात. तो देखावा वाटतो, पण त्याने रबर तापून चिकट होतं आणि त्यावरची माती झडते.

पहिले ६० फूट या शर्यतीत सर्वात मोलाचे. तिथे वाचवलेला एक दशांश सेकंद शेवटी दीडपट-दुप्पट होऊन मिळतो, कारण तिथे मिळवलेला वेग पुढच्या प्रत्येक मीटरला सोबत येतो.

चौकट : थोडक्यात

• जोराची मर्यादा पेट्रोल ठरवत नाही, ऑक्सिजन ठरवतो.
• नायट्रस जळत नाही. तो तापून फुटतो, ऑक्सिजन देतो आणि हवा गार करतो.
• नायट्रससोबत जास्त पेट्रोल आणि उशिरा ठिणगी हवीच.
• टॉर्क कन्व्हर्टर सुटतानाचा पीळ जवळपास दुप्पट करतो.
• ऑटोमॅटिकमध्ये पाय उचलावा लागत नाही, म्हणून नायट्रसचा प्रवाह अखंड राहतो.
• सर्वात महत्त्वाचं अंतर पहिल्या ६० फुटांचं.

बांधायची मात्र उलट्या क्रमाने

जोर फुंकणीपासून चाकाकडे जातो. गाडी बांधताना मात्र शहाणा माणूस चाकापासून फुंकणीकडे येतो. शेवटच्या रेषेवर आपली कमॅरो ताशी सुमारे २१५ किलोमीटरने धावत असेल, म्हणून सर्वात आधी ब्रेक. मग चालकाभोवतीचा पोलादी पिंजरा, पट्टे, हेल्मेट, आगीपासून वाचवणारा पोशाख. मग टायर आणि ॲक्सल, मग गिअरबॉक्स आणि त्याच्या तेलाचा कूलर, मग पेट्रोलचा पंप, ठिणगी, पिस्टन. बाटली सर्वात शेवटी. तीही घट्ट बांधलेली, जास्तीचा दाब गाडीबाहेर सोडणाऱ्या नळीसह, आणि कधीही उघड्या ज्योतीने न तापवलेली. नवखा नेमकं उलट करतो. बाटली स्वस्त आणि झटपट बसते, म्हणून ती आधी आणतो. मग साखळीतली कच्ची कडी तुटते, आणि तुटते ती पुऱ्या वेगात.

हा खेळ फक्त पैसेवाल्यांचा नाही, याचं मला विशेष वाटतं. ब्रॅकेट रेसिंग नावाच्या प्रकारात चालक आपली वेळ आधीच सांगतो. हळू गाडीला त्या फरकाएवढी आधी सुरुवात मिळते, आणि सांगितल्यापेक्षा लवकर पोचणारा सहसा बाद होतो. तिथे जिंकतो तो आपली गाडी पुरती ओळखणारा. दर वेळी तसाच सुटणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तिथे सोन्यासारखा ठरतो.

आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ या ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. जागा अशीच हवी: बंदिस्त पट्टी, रुग्णवाहिका, अग्निशमन आणि थांबायला लांब मोकळा रस्ता. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं आपल्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशोब साधा आहे. ताशी २१५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ६० मीटर. समोर आडवा आलेला माणूस दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंतच तेवढा रस्ता मागे गेलेला असतो. वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये तरुणांच्या हातून गाड्या काढून घेतल्या नाहीत, त्यांच्यासाठी जागा शोधली. दहा सेकंदांच्या गाडीला लागणारा पहिला भाग तोच, मोकळी आणि राखलेली पाव मैलाची पट्टी. बाकीचं सगळं त्यानंतर जोडायचं.